लीजवरच्या फ्लॅटचं रिनोव्हेशन: एस्टिमेट ५ लाख ९०, खर्च ७ लाख १२, आठ महिने राहिल्यावरचा अनुभव

संक्रांतीनंतर राहायला आलो, आता अनंत चतुर्दशीच्या झाक्या (चित्ररथ) पण निघून गेल्या, म्हणजे आठ महिने झाले. मुद्दामच पावसाळा जाऊ दिला, कारण पावसाळ्याआधी कोणी आपल्या बाथरूमचं कौतुक करत असेल तर ते मी मनावर घेत नाही. फ्लॅट इंदूरलाच, राजेंद्र नगरच्या बाजूला, दुसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ६४० फूट. बिल्डिंग पंचवीस वर्षं जुनी आणि लीजवरची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची, ३० वर्षांतली ५ उरलेली.

सुरुवातीला मी पण सगळे करतात तेच केलं, फोनवर एक कॅल्क्युलेटर होता त्यात एरिया टाकला, ‘बेसिक’वर टिचकी मारली आणि त्यानं ७५० रुपये फुटाच्या हिशेबानं ४ लाख ८० हजार सांगितले. छान वाटलं. दोन दिवस. मग आईनं विचारलं, यात भिंती किती धरल्यात? आणि मी गप्प, कारण त्यानं भिंतीबद्दल मला काही विचारलंच नव्हतं.

मग लांब वही आणली, टेप घेतली, खोलीला एक पान. आमचा हॉल १४ बाय ११, म्हणजे फरशी १५४ फूट. पण उंची साडेनऊ, चारी भिंतींचा घेर ५० फूट, म्हणजे भिंती ४७५ आणि छत १५४ मिळून ६२९, दार-खिडकीचे ४१ वजा केले तरी रंग आणि पुट्टी ५८८ फुटांची. फरशीच्या जवळजवळ चौपट! यात दार-खिडकी वजा धरायची की नाही हे पेंटरशी आधीच बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी त्याचा टेप वेगळा आणि तुमचा वेगळा. टाइल्सचं उलट सोपं आहे, १५४ वर १० टक्के तुटफूट धरली की १७० फूट, दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा बॉक्स साडेपंधरा फुटांचा, म्हणजे ११ बॉक्स. मी १२ घेतले, एकाच बॅचचे, दुकानदार हसला. जूनमध्ये गॅस सिलेंडर पडून एक टाइल फुटली तेव्हा तोच बारावा बॉक्स पलंगाखालून काढला. नंतर तोच शेड मिळत नाही हो, गुजरातेतल्या मोरबीहून दर थोड्या दिवसांनी नवीन माल येत असतो.

वहीनं ५ लाख ९० हजार सांगितले. खर्च झाला ७ लाख १२ हजार. वरचे १ लाख २२ हजार गेले कुठे? टाइल्स, रंग, किचन, दारं, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं, ते सगळं वहीप्रमाणेच झालं, चार-पाच हजार इकडे तिकडे. चुकलं ते भिंतीच्या आतलं. बाथरूमची फरशी फोडली तर जुने जीआय (लोखंडी) पाइप आतून गंजून निम्मे बंद, सगळे काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकावे लागले, ३८ हजार. किचनच्या छताचं प्लास्टर ठोकल्यावर परातभर खाली आलं आणि आतल्या सळया लाल, २७ हजार. वायरिंगमध्ये मी फक्त बोर्ड आणि स्विच धरले होते, पण एसी आणि गीझरला ४ एमएमची वायर लागते आणि जुनी होती ती दिव्यांच्या लायकीची, ३१ हजार. ठेकेदाराला म्हटलं, भिया, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणे, “बाबूजी, अंदर का तो खुलने पर ही दिखेगा.” राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. आता कोणी विचारलं तर मी सांगतो, एस्टिमेट लिहायच्या आधी हजार-दोन हजार रुपये देऊन एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन आणा, बाथरूमची एक टाइल काढून पाइप बघा आणि छत हातोडीच्या दांड्यानं वाजवून घ्या, पोकळ आवाज लगेच कळतो.

मलब्याचे १४ हजार गेले. दोन मजले जिन्यानं उतरवायचा, पोत्यांत भरायचा, गाडी बोलवायची. इंदूरमध्ये रस्त्यावर ढीग टाकून चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी वहीत ‘मलबा’ हा शब्दच नव्हता.

उरलेले १२ हजार लीजचे. हे खरं तर वहीच्या पहिल्या पानावर हवं होतं. बँकेकडे तीन लाखांचं रिपेअर लोन मागितलं तर ते म्हणाले लीज देणाऱ्यांची एनओसी (ना हरकत पत्र) आणा, एनओसीला गेलो तर तीन वर्षांचं लीज रेंट भरलेलंच नाही (बाबा गेल्यानंतर कोणाच्या लक्षातच नाही राहिलं), ते दंडासकट भरलं तेव्हा कागद हलला. पाच आठवडे त्यात गेले आणि मिस्त्री तोवर दुसऱ्या साइटवर. बाबांच्या कपाटातून लीज डीड काढून वाचली तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, परवानगीशिवाय ढाच्यात बदल नाही. आम्हाला किचन आणि हॉलमधली भिंत पाडायची होती, तो विचारच सोडला.

लीजची ५ वर्षं उरली म्हणजे घर हातचं जाणार असं नाही, रिन्यू होते नाहीतर फ्री-होल्ड, म्हणजे कायमचं मालकीचं, करायचं, पण त्यालाही पैसा लागणार आणि तो मी बाजूला ठेवलाय. म्हणून फॉल्स सीलिंग नाही, भिंतीत बसवलेली कपाटं नाहीत, हलवता येतील अशी घेतली. बायको अजून सीलिंगवरून टोमणे मारते. लोनचं एक, जुन्या टॅक्स रिजीममध्ये स्वतः राहत असलेल्या घराच्या रिपेअर लोनवर वर्षाला ३० हजारांपर्यंतच्याच व्याजाची सूट मिळते, तेव्हा त्या भरवशावर मोठं लोन काढू नका. आणि बिलं जपून ठेवा, पुढे घर विकताना घरात केलेल्या सुधारणेचा खर्च दाखवता येतो. मी निम्म्या कामाची बिलं घेतली नाहीत, १८ टक्के जीएसटी वाचवायच्या नादात. आता वाटतं घ्यायला हवी होती.

बाकी वापरात कसं आहे? बाथरूम उत्तम. वॉटरप्रूफिंगनंतर ठेकेदार २४ तास पाणी भरून ठेवू म्हणत होता, मी ७२ तास ठेवायला लावलं. खालचे काका आधी म्हणायचे, “अरे, आमच्या छतावर तुझ्या बाथरूमचा नकाशा उमटलाय”, या पावसाळ्यात एक थेंब नाही, आता पोह्यांना बोलावतात. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधे बोअरिंगचं, त्यामुळे बाथरूमच्या काळ्या टाइल्सवर पांढरे डाग, हा मात्र माझा गाढवपणा, फोटोत छान दिसल्या होत्या. किचनमध्ये ट्रॉल्यांना ७१० मार्काचा वॉटरप्रूफ प्लाय लावला तो जसाच्या तसा, पण सिंकखालच्या खणाला चार हजार वाचवायला पार्टिकल बोर्ड चालेल म्हटलं, तो ऑगस्टमध्ये पुरणपोळीसारखा फुगला. जिथे पाणी तिथेच वाचवायला गेलो! ओट्याच्या ग्रॅनाइटमध्येही एक छुपा खर्च आहे, दगड चौरस फुटावर, कडेची मोल्डिंग रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर) आणि सिंकचं भोक पाडायचे वेगळे पैसे, तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या.

मे महिन्यात एसी आणि गीझर एकदम चालू राहिले तरी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) एकदाही पडला नाही, तेव्हा त्या ३१ हजारांबद्दल आता तक्रार नाही.

वहीत बाल्कनीच्या ग्रिलचं पान अजून रिकामं आहे. परवा वेल्डिंगवाल्याला विचारलं तर फुटाचा रेट सांगायला लागला. म्हटलं भिया, किलोवर सांग, आणि वजन माझ्यासमोर करायचं.