मोरूच्या मावशीचं माहेर

मुलीकडे केंब्रिजला गेलो, तेव्हा हट्टाने एक दिवस 'बरी सेंट एडमंड्स' या गावासाठी काढला. आगगाडीने पाऊणएक तासाचा रस्ता. तिथल्या थिएटर रॉयलमध्ये २९ फेब्रुवारी १८९२ रोजी ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आंट'चा पहिला प्रयोग झाला. एका पुरुषाला मावशीचं सोंग घ्यावं लागतं, त्याची ही धमाल. तेच नाटक आचार्य अत्र्यांनी मराठीत आणलं, ती आपली 'मोरूची मावशी'. विजय चव्हाणांची मावशी पाहून वेडा झालो होतो आणि सातारला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्वतः मावशी केली होती, आईचं लुगडं नेसून. मावशीचं माहेर बघायचंच होतं.

वास्तू १८१९ ची. विल्यम विल्किन्सने बांधलेली. लंडनची नॅशनल गॅलरीही त्याचीच. समोरच बिअरचा मोठा कारखाना. १९२५ साली नाट्यगृह बंद पडलं आणि पुढची चाळीस वर्षं त्या कारखान्याची पिंपं इथे ठेवली जात. हे ऐकताना पोटात कालवलं. १९६५ ला पुन्हा पडदा उघडला आणि २००७ मध्ये सगळं मूळच्या रूपात डागडुजी करून उभं केलं. वर रंगवलेलं आकाश, कडेने बॉक्स, म्हणजे प्रेक्षकांचे छोटे सज्जे, आणि जेमतेम साडेतीनशे खुर्च्या. मागच्या रांगेतूनसुद्धा नटाची भुवई दिसावी एवढं जवळ. या नाटकाला हेच हवं. मावशीच्या तोंडावरचं घाबरणं दिसलं नाही, तर उरतो नुसता साडीतला पुरुष.

लंडनला तेच नाटक १,४६६ प्रयोग चाललं, १८९३ ला न्यूयॉर्कला गेलं, १९७५ ला सोव्हिएत टीव्हीवरही आलं. पण माझ्या मते मावशीला खरी मोकळीक नऊवारीने दिली. मूळ नाटकातल्या विलायती घागऱ्यात पळायचं तर घोळ दोन्ही हातांनी उचलावा लागतो आणि खालची विजार दिसते. हशा तिथेच येतो. काष्ट्यात पाय मोकळे! मावशी धावते, उडी मारते, नाचते आणि सोंग उघडं पडण्याची भीती सगळी पदरात आणि बसण्यात येते. मला तालमीत पदर सावरायला आठ दिवस लागले होते.

नाट्यगृह दाखवणारे आजोबा फार मनापासून बोलत होते. घाई नाही, प्रश्न विचारा म्हणत होते. नाटकवेड्या माणसाने अवश्य जावं. मात्र हे चालतं नाट्यगृह आहे, तेव्हा आत बघायला कधी मिळेल ते आधी विचारून मगच तिकीट काढा. पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर सोबत कुणी असू द्या.

शेवटी मी त्यांना नऊवारीचं सांगितलं. "मग बसायचं कसं?" त्यांनी विचारलं. मी तिथल्याच बाकावर ऐसपैस मांड्या फाकवून बसलो, मग दचकून गुडघे जुळवले आणि नसलेला पदर खांद्यावर ओढला. आजोबा टाळ्या वाजवत होते.