रॅश गार्ड की वेटसूट? मुल्की-बालीला निघण्याआधी

ऑफिसातल्या दोघांनी नाताळच्या सुट्टीत मुल्कीला सर्फिंग शिकायचं ठरवलंय. गेला आठवडाभर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की आमच्या गाडीत एकच वाद: निओप्रीनचा, म्हणजे फेसाळ रबराचा अंगाला घट्ट बसणारा वेटसूट घ्यायचा की लायक्राचा, म्हणजे पातळ ताणणाऱ्या कापडाचा घट्ट टी-शर्टसारखा रॅश गार्ड? माझं मत आधीच सांगून टाकतो, रॅश गार्ड. अपवाद आहेत, पण थोडे.

घोळ होतो तो 'समुद्र म्हणजे गार' या समजुतीने. आपल्याकडे जानेवारीत अलिबागचं पाणी साधारण 24-25 अंशांवर येतं. पाय बुडवला की अंगावर काटा येतो, आणि तीच आठवण घेऊन आपण दुकानात जातो. पण त्याच दिवसांत मंगळुरूजवळच्या मुल्कीला पाणी 28 च्या आसपास असतं. श्रीलंकेत वेलिगामालाही तेवढंच. पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या तलावात पाणी 25 ते 28 अंश ठेवतात, म्हणजे मुल्कीचा समुद्र त्याच्या वरच्या टोकाला आला. अशा पाण्यात थंडीचा प्रश्न जवळपास नसतोच. त्रास देतात दोन गोष्टी, ऊन आणि घासणं.

घासण्याचं मी अनुभवलंय. पहिल्या वेळी घरातला जुना सुती टी-शर्ट घालून गेलो होतो. बोर्डवर पालथं पडून हातांनी पॅडल मारताना छाती आणि पोट सतत बोर्डवर घासतं, त्यात पाय घसरू नये म्हणून बोर्डवर लावलेलं वॅक्स, मीठ आणि वाळू. टी-शर्ट पाणी पिऊन जड झाला, गळ्याशी गोळा झाला आणि संध्याकाळी पोट असं सोलवटलं होतं की शर्टाचं बटणही लागू देईना. शिवाय सुती कापड भिजलं की ऊन अडवण्याची त्याची ताकद घटते. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड दोन्ही त्रास वाचवतो. लेबलवर यूपीएफ 50 लिहिलं असेल तर अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येतो. मान, कान आणि गुडघ्यामागची बाजू मात्र उघडीच राहते, तिथे झिंक ऑक्साइडचं क्रीम जाड थापायचं. चेहरा भुतासारखा दिसतो, दिसू दे.

वेटसूटने अंग कोरडं राहतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, पाणी आत शिरतंच. निओप्रीनमधले बारीक बुडबुडे अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, एवढंच त्याचं काम. 28 अंशांच्या पाण्यात हीच ऊब नकोशी होते. दहा मिनिटं पॅडल मारलं की उन्हात रेनकोट घालून जिने चढल्यासारखं वाटतं. किंमत रॅश गार्डच्या कित्येक पट. आणि परत आल्यावर तो वाळवायचा कुठे? कडक उन्हात टाकला तर रबर खराब होतं, सावलीत टाकला तर आपल्या वन बीएचकेच्या बाल्कनीत बराच वेळ ठिबकत बसतो आणि धुण्यात कसूर झाली तर घरभर वास.

आता अपवाद. जुलै-ऑगस्टमध्ये बालीला जाणार असाल तर तिथे तेव्हा आग्नेयेकडून वारे वाहतात आणि पाणी 26-27 पर्यंत उतरतं. आकडा काही भीतीदायक नाही, पण लाटेची वाट बघत बोर्डवर बसलं की ओलेत्या अंगाला वारा लागतो आणि हुडहुडी त्यानेच भरते. सडपातळ माणूस, लहान मूल किंवा पहाटेच पाण्यात उतरणारा उत्साही जीव असेल तर एक-दोन मिलिमीटरचं निओप्रीनचं जॅकेट बरोबर असावं. पूर्ण सूट तेव्हाही नकोच. बालीत बऱ्याच लाटा प्रवाळावर फुटतात, त्यामुळे तिथे जॅकेटआधी मी रबरी बूट घेईन.

वॅक्ससुद्धा पाण्याच्या तापमानाप्रमाणे मिळतं. थंड पाण्याचं आणलंत तर मुल्कीच्या उन्हात बोर्डवर त्याचा चिकट लगदा होईल, तेव्हा 'ट्रॉपिकल' लिहिलेलंच मागा.

रॅश गार्ड घेताना ट्रायल रूममध्ये दोन्ही हात डोक्यावर ताणा आणि पॅडल मारल्यासारखे फिरवा. पोट उघडं पडलं तर दुसरी साइज घालून बघा. खाली बोर्डशॉर्टला (सर्फिंगच्या हाफपँटला) बांधायचा लूप असलेला मिळाला तर तोच घ्या.