पिग्मी की एसआयपी? शाहूपुरीतल्या एका रिवाइंडिंगवाल्याचा हिशेब

भाच्याला कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत नोकरी लागली. पहिला पगार आजीच्या हातात ठेवून झाला, अंबाबाईला पेढे झाले आणि दुसऱ्या महिन्यात तो दुकानात येऊन स्टुलावर बसला. "मामा, महिन्याला तीन हजार बाजूला पडतील. पिग्मी लावू का एसआयपी?" पिग्मी म्हणजे रोज थोडे थोडे पैसे दारात येऊन नेणारी ठेव, एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला आपोआप जाणारा ठरलेला हप्ता. कारखान्यातले जुने लोक पिग्मी म्हणत होते, मोबाइल एसआयपी म्हणत होता. मी दोन्ही केलंय आणि दोन्हीत थोडा थोडा पोळलोय. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो. व्याज म्हणजे काय, फंड म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

आधी माझा धंदा सांगायला हवा, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. मी मोटरी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने गुंडाळतो. शेतकऱ्याची तीन एचपीची मोटर जळाली की तो आज आणतो, परवा नेतो आणि पैसे ऊसबिल आल्यावर देतो. एखाद्या दिवशी गल्ल्यात चार हजार, तर एखाद्या दिवशी चहाचे पैसेही खिशातून. असल्या माणसाला पिग्मीइतकी सोयीची गोष्ट नाही. संध्याकाळी साडेसहाला पतसंस्थेचे अण्णा येणार, शंभर रुपये घेणार, मशिनमधून चिटोरं काढून देणार. आज जमलं नाही तर "उद्या दोनशे द्या" म्हणून पुढे जाणार. दंड नाही, मेसेज नाही. ही पद्धत मूळची उडुपीची. तिथल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दारोदार जाऊन दिवसाला दोन आण्यापासून पैसे गोळा करायला सुरुवात केली. पुढे ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक पतसंस्थेच्या पाटीवर राहिलं.

व्याजाचं म्हणाल तर ते विचारू नका. माझ्या पासबुकावर साडेतीन टक्के होतं. ऐकायला ठीक वाटतं, पण रोज शंभर भरले की पहिला शंभरचा आकडाच काय तो वर्षभर राहतो, शेवटचा एकच दिवस. सरासरी पैसा सहा महिने पडून. त्यामुळे वर्षात ३६,५०० रुपये भरून हातात व्याज आलं सहाशे-साडेसहाशे. त्यात दोन मोटरींचं वार्निशही नीट होत नाही. अण्णा रोज दारात येतात त्याचा खर्च कुठून तरी निघणारच, त्यात संस्थेचीही काही चूक नाही.

मग पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, का नको, असं भाच्यानेही विचारलं. दर ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.७ टक्के झाला. सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं, तेव्हा खातं काढायच्या दिवशी बघून घ्या. त्या दराने महिना तीन हजारांप्रमाणे पाच वर्षांत १ लाख ८० हजारांचे साधारण २ लाख १४ हजार होतात. पगारदाराला हे वाईट नाही, झोप तर नक्कीच चांगली लागते. पण तीन वर्षांच्या आत ती मोडता येत नाही आणि त्यानंतर मोडली तरी बचत खात्याचाच दर मिळतो. मला ते बंधन झेपत नव्हतं, म्हणून आरडी मी बाजूला ठेवली.

आता ज्या गोष्टीने माझा कल बदलला ती. तुम्हाला ती किरकोळ वाटेल. कदाचित आहेही.

२०१७ सालची गोष्ट. इचलकरंजीत एकाकडे जुनं कॉइल वायंडिंग मशीन विकायला होतं. किंमत तीस हजार, तीही घासाघीस केल्यावर. माझ्या पिग्मीला अकरा महिने झाले होते, रक्कम पुरेशी होती. संस्थेत गेलो. काउंटरवरच्या काकांनी पासबुक हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कशाला पायजेत रं एवढं?"

सांगितलं मशीन घ्यायचंय. "घरात ईचारलंस न्हवं?" मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. तरी मान हलवली. मग समजलं की मुदतीआधी मोडायची तर व्याज नाही, वर थोडी कपात, आणि एका संचालकाची सही. ते संचालक आमच्या आबांचे तालमीतले मित्र. ते लग्नाला निपाणीला गेलेले. "उद्या या." दुसऱ्या दिवशी गेलो तर ते भेटले, खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्धा तास समजावलं की महिना राहिलाय, कशाला मोडतोस, जुनं मशीन घेऊ नये, जुन्या मशीनला जुनं दुखणं असतं. सही मिळाली तिसऱ्या दिवशी.

तोवर रात्री जेवताना आबा म्हणाले, "मशीन घेतोयस म्हणं?" सकाळी शेजारच्या बेअरिंगवाल्याने तेच विचारलं. आणि त्या आठवड्यात आत्याचा मुलगा दुकानात आला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "दादा, पिग्मी काढलीस असं कळलं. वीस हजार महिनाभर दे की." नाही कसं म्हणणार? त्याला आकडासुद्धा माहीत होता. वीस दिले. मशीन दुसऱ्याने नेलं. ते वीस हजार यायला दीड वर्ष लागलं, तेही तुकड्यातुकड्याने.

कपातीचं मला काही वाटलं नाही. मुदतीआधी मोडलं, कापणारच. राग आला तो याचा, की माझा पैसा किती हे गल्लीला माहीत होतं आणि तो काढायला मला कारण सांगावं लागत होतं. गावात माहीत असलेला पैसा अर्धा आपला असतो. बाकी अर्ध्यावर आत्याचा मुलगा, भावकीतलं लग्न, तालमीची वर्गणी यांचा हक्क असतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये मी कुणालाही न सांगता एसआयपी सुरू केली. महिना तीन हजार, निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन. इंडेक्स फंडच का, तर त्यात कुठला शेअर घ्यायचा हे मला किंवा कुणा हुशार माणसाला ठरवावं लागत नाही. निफ्टी म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, त्या यादीतल्या कंपन्या त्यांच्या वजनाप्रमाणे घेतल्या जातात आणि खर्च शंभर रुपयांमागे वर्षाला वीस-तीस पैशांच्या घरात असतो. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून मिळतात. मध्ये एजंट नसल्यामुळे त्याचं कमिशन वाचतं. एजंट नको असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या घसरणीत हात धरून बसवणारा प्रामाणिक माणूस मिळत असेल तर तेवढं कमिशन महाग नाही. मला नेमका माणूसच नको होता. आधार, पॅन, बँक खातं, अर्ध्या तासात काम झालं. नॉमिनी मात्र त्याच दिवशी भरा. न सांगता ठेवलेल्या पैशाची हीच एक मोठी भीती असते.

एसआयपीचाही एक खडा आहे. तिला अण्णांसारखं "उद्या दोनशे" समजत नाही. दहा तारीख म्हणजे दहा तारीख. खात्यात पैसे नसले तर फंड काही म्हणत नाही, पण बँक दंड लावते. आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले की एसआयपी सहसा बंदच होते. माझ्यासारख्या हातावरच्या धंदेवाल्याने हे आधी ओळखून हप्ता लहान ठेवावा. पगारदाराला हा प्रश्नच नाही, पगाराच्या दोन-तीन दिवसांनंतरची तारीख टाकली की झालं.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते, बाजार पडला तेव्हा काय झालं? जानेवारी २०२० मध्ये निफ्टी बारा हजारांच्या वर होता. २३ मार्चला तो एका दिवसात १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. माझे वीस हप्ते, म्हणजे साठ हजार भरलेले, मोबाइलवर चाळीस-एक्केचाळीस हजार दाखवत होते. मी धीर धरला असं लिहायला आवडलं असतं. खरं कारण वेगळं आहे. दुकान बंद, बाजार बंद, पैसे काढून करणार काय? एप्रिल आणि मेचे हप्ते चुकले, दंड बसला, जूनचा कसाबसा गेला म्हणून एसआयपी टिकली. नोव्हेंबरात निफ्टी पुन्हा जानेवारीच्या वर होता. पण हे दर वेळी आठ महिन्यांत होईल असं धरू नका. २००८ मध्ये तो सहा हजारांच्या वरून ऑक्टोबरपर्यंत अडीच हजारांवर आला होता आणि तेव्हा लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, बहिणीचं लग्न, घराचा पहिला हप्ता, हा इथे टाकू नका. याबाबत मी भाच्याशी जरा कडकच बोललो.

पिग्मीवर मी अन्याय करतोय असं वाटायच्या आत महापुराचं सांगतो. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी ती ५५ च्या वर गेली. व्हीनस कॉर्नरला होड्या, आमच्या दुकानात कंबरभर पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद. पाणी उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी नदीकाठच्या बुडालेल्या मोटरी ट्रॉली भरभरून यायला लागल्या. वर्षाचं काम एका महिन्यात आलं होतं, पण तांब्याची तार घ्यायला रोकड नव्हती. फंडातून काढायचे म्हटलं तर दोन-तीन कामाचे दिवस, त्यात सोमवारी ईद, गुरुवारी स्वातंत्र्यदिन, आणि फोनला रेंज येऊन-जाऊन. त्याच संस्थेत गेलो. ती एकदा मोडल्यावरही पिग्मी भरणं मी बंद केलं नव्हतं, अण्णांना तोंडावर नाही म्हणवलं नव्हतं. त्याच काकांनी कपाळावर चष्मा सरकवला, या वेळी काहीच विचारलं नाही. पिग्मीवर २५ हजार कर्ज, तासाभरात रोख. कागदपत्रं चिखलात होती, ती कुणी मागितली नाहीत. सगळ्यांना सगळं माहीत असण्याचा हाही एक उपयोग.

सुरक्षिततेबद्दल लोक उलटं समजतात, म्हणून दोन वाक्यं. बँकेतल्या ठेवीला, मग ती नागरी सहकारी बँक का असेना, दर माणशी दर बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हा विमा लागू नाही, तेव्हा पिग्मी लावायचीच तर पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था' ते वाचा. फंडाला असा विमा नाहीच, तिथे भाव वरखाली होणार हे गृहीत. आणि महिन्याला चार-पाच टक्के देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

सोन्याचं घरातून आलं म्हणून सांगतो. गुजरीतल्या अकरा हप्ते तुम्ही, बारावा सराफ अशा योजनेत बायकोने एक वर्ष भरले. शेवटी पैसे नाही, दागिना घ्यावा लागतो. त्यावर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. मोडायला गेलं की दोन्ही गायब. साज हवा असेल तर जरूर भरा, तो सुंदर असतो. गुंतवणूक म्हणून मला नाही पटलं.

तर भाच्याला काय सांगितलं? पगार ठरलेला, वय तेवीस, घरात खाऊन पिऊन सुखी, गल्लीत सगळे ओळखीचे. माझं मत विचारशील तर दोन हजार एसआयपी, हजाराची बँकेत आरडी, अडीनडीसाठी. चहाची टपरी काढली असतीस तर हेच उलटं सांगितलं असतं. आणि कुणाला सांगू नकोस, आईला सोडून. माझी स्वतःची एसआयपी सात वर्षांनी भरलेल्या रकमेच्या दीडपटीच्या थोडी पुढे आहे. विकताना वर्षाला सव्वा लाखाच्या पुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, पण तिथवर पोहोचलो तर आनंदाने भरेन. पिग्मी मी पन्नासवर आणलीय.

अण्णा अजून साडेसहाला येतात. मागच्या महिन्यात पन्नासची नोट घेतली, चिटोरं दिलं, पण गेले नाहीत. बाहेर बघितलं, आत बघितलं आणि खिशातून मोबाइल काढला. "ते एसआयपीचं तेवढं लावून दे की. पाचशेचं." मग आवाज खाली आणून, "आणि संस्थेत बोलू नगंस."