फॅन्सी एचएसआरपीच्या नावाखाली बाबांना गंडवलं, जुनी गाडी असेल तर वाचाच

2025 मध्ये पुण्यात जुन्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावायची जी पळापळ चालली होती त्यात माझ्या बाबांना एका नंबरप्लेटवाल्याने चक्क गंडवलं, आणि असले दुकानदार अजून रस्त्यारस्त्यावर बसलेत म्हणून लिहितेय.

बाबांची स्कूटर 2014 ची, नंबरचा शेवट 4141. तो म्हणाला काका एवढा भारी नंबर, सरकारी प्लेटवर वाया जाईल, मी एचएसआरपीच देतो फक्त आकडे असे वळवतो की 'दादा' दिसेल, आरटीओला चालतं, बिनधास्त राहा. 1500 रुपये घेतले, आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला आणि तासाभरात प्लेट हातात. डाव्या बाजूला निळ्या अक्षरांत आयएनडी (IND), वर चमकणारं अशोकचक्र, सगळं अगदी खऱ्यासारखं! पावतीवर मात्र नुसतं 'नंबरप्लेट' लिहिलेलं.

पुढे नाकाबंदीत पोलिसांनी गाडी बाजूला घेतली, चक्रावर नख मारलं तर स्टिकरच निघून आलं. चलान झालं. साठी उलटलेल्या माणसाला चार लोकांसमोर बनावट प्लेटवाला म्हणून उभं राहावं लागलं याचा मला जास्त राग आहे. दुकानात गेलो तर म्हणे मी एचएसआरपी म्हणलोच नव्हतो.

तर नीट ऐका, फॅन्सी एचएसआरपी असं काही नसतंच. इंग्रजी अक्षरं आणि 1, 2, 3 असेच साधे आकडे लागतात, दादा, बॉस, राम, नाव, फोटो काहीही चालत नाही, आणि मराठी आकड्यांची प्लेटसुद्धा नियमात बसत नाही, कितीही आवडत असली तरी. खऱ्या प्लेटचं चक्र चिकटवलेलं नसतं, ते प्लेटमध्येच दाबून बसवलेलं असतं. त्याच्या खाली लेझरने कोरलेला नंबर असतो आणि तो तुमच्याच गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो, त्यामुळे दुकानात बनवलेली प्लेट कितीही हुबेहूब असली तरी सरकारी रेकॉर्डला ती नाहीच. मागची प्लेट स्नॅप लॉकने बसवतात, तो स्क्रूसारखा फिरवून काढता येत नाही. कोणी म्हणालं ओरिजिनल काढून ठेवू आणि फॅन्सी लावू तर तिथून निघा, कारण लॉक एकदा तोडला की तोडलाच.

1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर बुकिंग परिवहन विभागाच्या वेबसाइटवरूनच करायचं, तिथूनच तुमच्या आरटीओप्रमाणे ठरलेल्या कंपनीकडे जाता येतं. गूगलवर वर दिसली म्हणून कुठलीही लिंक उघडू नका, बनावट साइटही निघाल्यात. दुचाकीला 450 अधिक जीएसटी म्हणजे 531 रुपये, चारचाकीला 745 अधिक जीएसटी, बसवण्याचे वेगळे पैसे नाहीत. आम्ही शेवटी तशीच घेतली.

मला खरी धास्ती आहे ती आरसीच्या फोटोची. तो माणूस उद्या आमच्या नंबरची दुसरी प्लेट बनवून कोणाला देईल तर चलान बाबांच्या मोबाईलवर येणार, म्हणून आता ई-चलानच्या साइटवर अधूनमधून गाडीचा नंबर टाकून बघते. चॅसिस नंबर, इंजिन नंबर असल्या दुकानात देऊच नका.

पैसे यूपीआयने दिले होते म्हणून निदान पुरावा आहे, ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केलीय. ज्यांनी रोख दिलेत त्यांनी प्लेट फेकायच्या आधी तिचे आणि दुकानाच्या पाटीचे फोटो काढून ठेवा, व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका.