सड्यावरची निसर्गफेरी, रत्नागिरी: जरूर जा, पण पावसाळ्यातच

जूनअखेर आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलो. माणशी ४०० रुपये, त्यात चहा-घावणे. वाटाडे काका निवृत्त शिक्षक, भर पावसातही बोलणं थांबत नव्हतं. कातळावर पांढरी दीपकाडी फुललेली. कोकण-गोव्याचा पट्टा आणि आसपासचा भाग सोडला तर ही जगात कुठेच नाही! पुढे बांधाजवळचा दगड त्यांनी अलगद उचलला, खाली देवगांडूळ. हे गांडूळ नव्हे, बेडकाचा बिनपायांचा नातलग. आणि याचे जवळचे भाऊबंद कुठे, तर दूर हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. खारं पाणी याला सोसत नाही, मग समुद्र ओलांडला कसा? ओलांडलाच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स विलग झाले, दोघांचे पूर्वज आपापल्या जमिनीवर राहिले. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. समोरचा काजू मात्र माणसाबरोबर आला, ब्राझीलहून, पोर्तुगीजांच्या जहाजातून. दगड काकांनी होता तसा परत ठेवला, ते फार आवडलं.

एकच तक्रार: गट मोठा होता, फुलं तुडवली गेली. दहाच माणसं घ्या हो. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. शेवाळ फार निसरडं असतं.