हॉविक हिस्टॉरिकल व्हिलेज: सासरचा मूळपुरुष शोधताना

माझ्या न्यूझीलंडच्या सासरी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. मूळपुरुष फौजेत कॅप्टन होता, सरकारनं त्याला पन्नास एकर जमीन दिली आणि पुढच्या कुणीतरी ती उडवली. गेल्या वर्षी आजेसासूबाई वारल्या आणि त्यांचं बायबल आमच्याकडे आलं. आतल्या कोऱ्या पानावर मुलांची नावं, जन्मतारखा, आणि सगळ्यात वर घराणं ज्या जहाजातून आलं त्याची ओळ: ‘बेरहॅम्पोर’, 1849. नवरा पुढे वाचत गेला, मी तिथंच थांबले. हे तर बंगालमधलं बहरामपूर! ऑकलंडला आलेल्या जहाजाचं हे नाव?

तिथून आठ महिने माग काढण्यात गेले. कुणाला असंच काही शोधायचं असेल तर कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, ते सांगते.

आधी नको ते. वंशवृक्ष बनवून देणाऱ्या एका संकेतस्थळाची वर्षभराची वर्गणी भरली. नाव टाकलं आणि दोन मिनिटांत सात पिढ्या तयार. घरात सगळ्यांना फोन गेले. मग नीट बघितलं, तर त्यांनी जोडलेला माणूस 58 व्या पायदळ रेजिमेंटचा, 1845-46 ची न्यूझीलंडच्या उत्तरेकडची माओरींशी झालेली लढाई लढलेला. नाव तेच, मूळ देश आयर्लंड तोच, पण माणूस दुसरा. 58 वी ही चालू नोकरीतली पलटण. आमचा गडी 1849 साली बायकोपोरांना घेऊन जहाजातून उतरला होता, म्हणजे तो पेन्शनीत निघालेला, फेन्सिबल. तीनदा लिहून कळवलं, तरी परका माणूस आमच्या झाडावर तसाच लटकतोय. कुणाच्याही घराण्याबाबत इतकी बेफिकिरी बरी नव्हे.

फेन्सिबल कोण हे कळलं नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही. उत्तरेकडची लढाई संपल्यावर ऑकलंडच्या राखणीसाठी ब्रिटिश सरकारनं निवृत्त शिपाई आणून वसवले. 1847 ते 1852 मध्ये सातशेच्या वर माणसं बायकामुलांसह आली आणि ओनेहुंगा, ओटाहुहू, पॅनम्यूर, हॉविक ही चार गावं उभी राहिली. करार सात वर्षांचा. रविवारी हजेरी, वर्षातून बारा दिवस कवायत, आणि त्या बदल्यात राहतं घर व एकरभर जमीन. एकर! पन्नास एकरांचा मान अधिकाऱ्यांचा. आमचा साधा शिपाई होता, हे मला तिथंच समजलं.

जहाजाची खात्री केली ती न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’वर. पूर्ण फुकट. ‘न्यू झीलंडर’सारख्या त्या वेळच्या वर्तमानपत्रांत बंदरात आलेल्या जहाजांच्या बातम्या असतात, आणि शब्द टाकून शोधता येतं. फक्त आडनाव चार प्रकारे लिहून बघा, कारण जुळाऱ्यानं मनाला येईल तसं जुळवलंय.

आणि आता हॉविक हिस्टॉरिकल व्हिलेज. हे ऑकलंडच्या पाकुरांगा उपनगरात आहे. 1980 साली सुरू झालेलं, 1840 ते 1880 चा काळ दाखवणारं गाव. जुनी खरी घरं मूळ जागेवरून उचलून इथं आणून बसवलीत. लाइव्ह डेला त्या काळच्या कपड्यांतली माणसं घराघरांत कामं करत असतात, त्याच दिवशी जा आणि अख्खा दिवस हाताशी ठेवा. मी सगळं गाव पाहिलं, पण रेंगाळले ती शिपायांच्या जोडघरात. एका छपराखाली दोन कुटुंबं, मध्ये फळ्यांची भिंत. माझा पोरगा पलीकडच्या खोलीत गेला आणि हळूच म्हणाला, “आई, तुझा श्वास ऐकू येतोय.” बायबलमधली सात मुलांची नावं मला पाठ होती. चुलीसमोरच्या त्या जमिनीवर सात अंथरुणं कशी पडत असतील ते मी पावलांनी मोजून पाहिलं. पडत नाहीत. दोघांना आडवंच निजावं लागत असणार.

एक गोष्ट तिथं जायच्या आधी वाचून ठेवा. हॉविकची जमीन 1836 च्या मिशनरी फेअरबर्न यांच्या खरेदीतून सरकारकडे आली, आणि न्गाई ताई या माओरी लोकांचा त्याबाबतचा दावा पुढे पिढ्यान् पिढ्या चालला. त्या एकराला ही बाजूही आहे. माझ्या पोराच्या रक्तात ती येते, म्हणून त्याला ती ठाऊक असायला हवी.

घरी येऊन पेन्शनचे कागद मागवले. मूळ कागद लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जन्मगाव, मूळ धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, नोकरी सुटण्याचं कारण, सगळं एका पानावर. सहीच्या जागी फुली. रेजिमेंट क्रमांक 2, क्वीन्स रॉयल. पुढे लिहिलेलं, ‘ईस्ट इंडीज’, म्हणजे आपला हिंदुस्थान. मी कोल्हापूरची. ही पलटण मुंबई इलाख्यात होती आणि 1844 मध्ये किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांच्या बंडावर आमच्याकडे धाडली गेली होती, हे वाचल्यावर हात गार पडले. पेन्शनच्या कागदावर मोहीम लिहिलेली नसते, त्यासाठी तिमाही हजेरीपटच काढावा लागतो. तो काढला. ऑक्टोबर ते डिसेंबर 1844 च्या पानावर त्याचं नाव आहे, शेरा: मोहिमेवर.

1 डिसेंबरला तोफांनी भगदाड पाडून पन्हाळा घेतला गेला. त्यानंतर इंग्रजांनी गडाचा चार दरवाजा पाडला. लहानपणी सहलीला गेल्यावर आम्ही त्याच पडक्या दगडांवर बसून भडंग खाल्लंय.

आईला फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “जावईबापूंना घेऊन ये. गडावर मी येते तुमच्याबरोबर.” डिसेंबरची तिकिटं काढलीत. सोबत जोडघराचा फोटो नेतेय. एका खोलीत सात मुलं, हे तिनंही बघायला हवं.