डबक्याला पैकीच्या पैकी, नायट्रोजनला काठावर पास

सहावीच्या ४२ पोरांना घेऊन एका संस्थेच्या एकदिवसीय विज्ञान सहलीला जाऊन आले. मी वर्गात विज्ञानच शिकवते, त्यामुळे नजर जरा खडूस असणार हे धरून चाला. माहितीपत्रकावर 'हातांनी शिका' असं ठळक छापलं होतं. म्हणून मी दिवसभर एवढंच बघत होते, की कुठल्या क्षणी कुणाच्या हातात काय आहे.

सकाळी डबकं. काठीला बांधलेली गाळणी, पांढरा ट्रे आणि काचेची बरणी, दर तिघांत एक संच. पाणी ट्रेमध्ये ओतलं की आधी नुसता गाळ दिसतो. मिनिटभर थांबलं की त्यात टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके झटके देत वर येतात, पुन्हा खाली बसतात. हा डॅफ्निया, पाण्यातली पिसू म्हणतात तो. पिसू नाहीच खरं तर, झिंग्याच्या कुळातला. त्याचं अंग पारदर्शक, त्यामुळे चिरफाड न करता आतलं सगळं दिसतं. तिथल्या ताईंनी स्लाइडवर थेंब टाकण्याआधी कापसाचे दोन-चार तंतू ठेवायला सांगितले. त्यात प्राणी अडकून स्थिर राहतो आणि वरच्या काचेखाली चिरडतही नाही. अशा बारकाव्यातच कळतं, की शिकवणाऱ्याने हे स्वतः शंभरदा केलंय.

मग 'हृदय शोधा' म्हणाल्या. सगळ्यांनी पोटाशी फडफडणारं काहीतरी दाखवलं. ते पाय होते. ताईंनी उत्तर दिलं नाही, फक्त 'पाठीकडे बघा' म्हणाल्या. पाठीला लागून एक इवलीशी पिशवी धडधडत होती. एवढ्या वेगाने, की तोंडाने मोजताच येईना. त्यावरची युक्ती मला स्वतःला माहीत नव्हती: डोळा भिंगाला लावायचा, हातात पेन धरायचं आणि प्रत्येक ठोक्याला कागदावर एक ठिपका मारायचा. दहा सेकंदांनी थांबून ठिपके मोजायचे आणि सहाने गुणायचं. एकाच प्राण्याचे एका मुलीला ४४ ठिपके मिळाले, दुसरीला ३८ आणि एका पठ्ठ्याला २१. भांडण जुंपलं. ताई शांतपणे म्हणाल्या, 'आधी हृदय सोडा. दहा सेकंदांत तुमचा हात जास्तीत जास्त किती ठिपके मारू शकतो ते बघा.' पठ्ठ्याचा हातच २३ च्या वर जात नव्हता! मापन म्हणजे काय आणि चूक कुठून येते, हे मी फळ्यावर तीन तासिका शिकवते. इथे ते दहा मिनिटांत झालं. त्यानंतर स्लाइडवर थंड पाणी सोडलं, तेव्हा ३८ वाल्या मुलीला २६ मिळाले. 'मॅडम, याला थंडी वाजली की हृदय हळू चालतं, आपलं का नाही?' हा प्रश्न तिचा. मी तो पुढच्या आठवड्याच्या तासाला राखून ठेवलाय.

तक्रार एकच, सूक्ष्मदर्शक फक्त चार. दहा-दहा मुलांची रांग, मागचे ढकलतात, पुढच्याचा डोळा भिंगावर आदळतो. त्यातल्या त्यात रांगेतल्यांच्या हातात फोल्डस्कोप दिले होते, म्हणजे शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या गटाने घडीच्या कागदापासून बनवलेले छोटे सूक्ष्मदर्शक. त्यात स्पायरोगायरा या शेवाळाच्या धाग्यातली हिरवी स्प्रिंग अगदी स्वच्छ दिसली. रांगेत असा हातचाळा हवाच.

दुपारी 'एक सेल, एक वायर, एक दिवा, पेटवा'. उपक्रम सोन्यासारखा. दिव्याला जोडायच्या जागा दोन असतात, बुडाचं टोक आणि धातूची कड. बहुतेक मुलं दोन्ही जोडण्या बुडालाच करत बसतात. बीएडला असताना मीही तेच केलं होतं, आणि सर हसले नाहीत याबद्दल आजही त्यांची आभारी आहे. इथे मात्र सहाव्या मिनिटाला एक दादा आले, दिवा सेलवर टेकवला, वायर कडेला लावली, 'असं करायचं' म्हणाले आणि पुढच्या टेबलावर गेले. का, तर शोची वेळ झाली होती. शिवाय एकाने वायरची दोन्ही टोकं थेट सेललाच लावली आणि त्याला चटका बसला. फार नाही, पण आधी बजावायला हवं होतं.

तो शो म्हणजे द्रवरूप नायट्रोजन. उणे १९६ अंश, धूर, फूल बुडवून चुरा, फुगा आकसून पुन्हा फुगला. सादरकर्त्याने चष्मा आणि हातमोजे घातले होते, मुलं नीट अंतरावर बसवली होती. सुरक्षेत खोट काढता येणार नाही. पाऊण तास टाळ्या. फुगा का आकसला हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर उत्तर आलं, 'फूल फुटलं, मॅडम!'

बस वेळेवर, स्वच्छतागृहं स्वच्छ, डबक्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडलं नाही. परतीच्या आधी जी प्रश्नपत्रिका भरून घेतली तिच्यात रिकाम्या जागांखाली उत्तरांचे पर्याय छापलेले होते, ती मी दप्तरातून बाहेरच काढली नाही.

पुढच्या वर्षासाठी फोन करून विचारलं, शो गाळून ती पाऊण तासाची वेळ डबक्याला द्याल का? 'शो पॅकेजमध्येच असतो' म्हणाले. मग म्हटलं, शो तुमच्या दादांना दाखवा, आम्ही तोवर दिवे पेटवत बसतो. कळवतो म्हणालेत.